दुकानाच्या रीलचा आवाज पुन्हा पुन्हा का जातो?

पोळा, गणपती, दसरा, दिवाळी असे सण जवळ आले की नागपुरातल्या छोट्या-मोठ्या व्यावसायिकांकडून एक तक्रार हमखास येते. काल रात्री टाकलेली रील चांगली चालली होती आणि सकाळी पाहावे तर चित्र सुरू, आवाज बंद. कुणाला ही पोस्ट तिच्यातील संगीतामुळे बूस्ट करता (म्हणजे पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवता) येणार नाही अशी सूचना येते, कुणाला यूट्यूबकडून कॉपीराइट दाव्याचा मेल येतो, तर कुणाच्या ॲपमध्ये शेजारच्या दुकानदाराला दिसणारे गाणे मुळात दिसतच नाही. मग ॲप काढून पुन्हा टाकणे, मोबाइल बंद करून सुरू करणे, तीच रील दुसऱ्यांदा अपलोड करणे असे उपाय सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत ती रील पुन्हा मुकी होते. बहुतेक वेळा हा बिघाड ॲपचा नसतोच. गाणे ॲपमध्ये दिसते म्हणजे ते धंद्यासाठी वापरण्याची परवानगी मिळाली, ही समजूतच चुकीची आहे आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ तिथे आहे. तरीही निदान नीट करावे लागते, कारण आवाज जाण्याची काही कारणे कायद्यातली नसून साध्या माइकमधली असतात.

आवाज काढला गेला की मुळातच बिघडला?

प्रथम तीच रील इअरफोन लावून ऐकावी. मोबाइलच्या स्पीकरवर संगीत ऐकू येते पण बोलणाऱ्याचा आवाज गायब आहे आणि इअरफोनवर मात्र तो स्पष्ट येतो, असे असेल तर त्याचा कॉपीराइटशी काही संबंध नाही. काही स्वस्त कॉलर माइक डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये एकमेकांच्या उलट्या फेजचा, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली असा, आवाज नोंदवतात. इअरफोनमध्ये हे दोन्ही आवाज दोन कानांत वेगवेगळे पोहोचतात म्हणून ऐकू येतात, परंतु मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ते एकत्र मिसळले की एकमेकांना पुसून टाकतात. आवाज फक्त एकाच कानात येत असेल, तर माइकने एकाच चॅनेलवर नोंद केली आहे असे समजावे. दोन्ही प्रसंगी उपाय एकच आहे: एडिटिंग ॲपमध्ये एक चॅनेल टाकून द्यावा, उरलेला मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखा, करावा आणि रील पुन्हा निर्यात करावी.

संगीत आणि बोलणे दोन्ही एकदम बंद झाले असेल, किंवा रीलचा एखादाच तुकडा मुका झाला असेल, तर सूचना शोधावी. इन्स्टाग्राममध्ये ती सेटिंग्जमधील ‘अकाउंट स्टेटस’ या भागात सापडते, फेसबुक पेजसाठी ‘सपोर्ट इनबॉक्स’ पाहावा लागतो आणि यूट्यूबवर स्टुडिओ उघडून त्या व्हिडिओसमोर ‘कॉपीराइट’ असे लिहिले आहे का ते तपासावे लागते. ज्या मुलाकडे अकाउंट चालवायला दिलेले असते तो या सूचना दुकानमालकापर्यंत पोहोचवतोच असे नाही, म्हणून मालकाने स्वतः एकदा तिथे डोकावलेले बरे. रील नागपुरात मुकी आणि दुबईतल्या नातेवाइकाकडे बोलकी, असा प्रकारही घडतो. संगीताचे हक्क देशानुसार वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात, त्यामुळे बंदीही देशानुसार लागू होते.

दोन वर्षांपूर्वीची, आजवर सुरळीत चाललेली रील अचानक गप्प झाली असेल, तर प्लॅटफॉर्म आणि संगीत कंपनी यांच्यातला करार संपलेला असू शकतो. ३१ जानेवारी २०२४ रोजी युनिव्हर्सल म्युझिक आणि टिकटॉक यांच्यातला करार संपला, तेव्हा त्या कंपनीची गाणी असलेले जगभरातले असंख्य व्हिडिओ मुके झाले आणि मे महिन्यात नवा करार झाल्यावरच ती गाणी परत येऊ लागली. टिकटॉक भारतात २०२० पासून बंद आहे, परंतु भाड्याने घेतलेल्या संगीताची ही गत कोणत्याही प्लॅटफॉर्मवर होऊ शकते.

गाणे दिसत नाही, किंवा दिसते पण बूस्ट होत नाही

इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल अकाउंटचे दोन प्रकार आहेत, बिझनेस आणि क्रिएटर. बिझनेस अकाउंटला चित्रपटगीतांची आणि लोकप्रिय गाण्यांची लायब्ररी मर्यादित स्वरूपात मिळते, कारण संगीत कंपन्यांशी झालेले करार मुख्यतः वैयक्तिक वापरासाठी आहेत. यावर ‘अकाउंट क्रिएटर करून घ्या, सगळी गाणी दिसतील’ असा सल्ला सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुणीही देतो. गाणी दिसू लागतात, यात शंका नाही. परंतु इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या संगीतविषयक नियमांत व्यापारी किंवा अवैयक्तिक हेतूने संगीत वापरायचे असेल तर योग्य परवाना स्वतः मिळवलेला असावा, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अकाउंटचा प्रकार बदलल्याने साडीचे दुकान व्यक्ती होत नाही. हा उपाय म्हणजे तक्रार आजची उद्यावर ढकलणे होय. बूस्टचे बटण दाबले की ती परत येते, कारण जाहिरात म्हणून चालवायच्या पोस्टमध्ये असे गाणे स्वीकारले जात नाही.

बूस्ट करायची शक्यता असलेल्या प्रत्येक रीलसाठी संगीत ‘मेटा साउंड कलेक्शन’मधून घ्यावे. तिथले ट्रॅक आणि ध्वनिपरिणाम फेसबुक व इन्स्टाग्रामवर व्यावसायिक वापरासाठीही मोकळे आहेत. मात्र ते मेटाच्या प्लॅटफॉर्मपुरतेच आहेत, त्यामुळे तीच तयार फाइल यूट्यूबवर चढवू नये. यूट्यूबसाठी स्टुडिओमधील ऑडिओ लायब्ररी वापरावी आणि तिथेही ट्रॅकखाली श्रेय देण्याची अट आहे का ते पाहून, असल्यास दिलेला मजकूर वर्णनात जसाच्या तसा टाकावा. यूट्यूब शॉर्ट्समध्ये निवडायला मिळणारी लोकप्रिय गाणी ही वेगळी गोष्ट आहे. तीही वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी दिलेली आहेत. शिवाय शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली असली, तरी एक मिनिटाहून लांब शॉर्टवर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा लागला तर तो सगळीकडे अडवला जातो. दुकानाची फेरी दाखवणारे लांब शॉर्ट्स ‘चालतच नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते.

‘ओरिजिनल ऑडिओ’ या नावाखाली दिसणाऱ्या ध्वनीपासून विशेष सावध राहावे. कुणीतरी चित्रपटगीत आपल्या व्हिडिओत मिसळून चढवलेले असते, ॲप त्याला त्या व्यक्तीचा मूळ आवाज समजते आणि शेकडो दुकाने तोच आवाज उचलतात. कंपनीने दावा केला की मूळ पोस्टबरोबर त्या सर्वांचा आवाज जाऊ शकतो. ट्रेंडिंगच्या बाणाखाली कोणते पाणी वाहते आहे हे पाहिल्याशिवाय त्यात उतरू नये.

जे उपाय चालत नाहीत

तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, असा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही. गाण्याचा वेग किंवा पट्टी बदलल्याने ओळख चुकेलच असे नाही आणि चुकली तरी हक्क मिळत नाही. ‘श्रेय मूळ कलाकारांना’ असे लिहिणे सभ्यपणाचे आहे, परवाना नव्हे. गाणी ऐकण्याच्या ॲपची वर्गणी ऐकण्यापुरती असते. संगीत तयार करून देणाऱ्या एआय सेवांच्या मोफत योजनेत व्यापारी वापर अनेकदा वगळलेला असतो, म्हणून त्यांच्या अटी डाउनलोड करण्यापूर्वी वाचाव्यात. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ (निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना दिलेला वापराचा परवाना) असे पाहून हुरळून जाणेही योग्य नाही: ज्या परवान्यात अव्यापारी वापराची अट आहे तो दुकानाला निरुपयोगी आहे, आणि ज्यात बदल करण्यास मनाई आहे तोही निरुपयोगी, कारण संगीत हलत्या चित्राला जोडणे हा त्या परवान्यांनुसार बदलच मानला जातो.

आपल्या जागेत गाणी वाजवण्यासाठी पीपीएल किंवा आयपीआरएस या संगीताचे परवाने देणाऱ्या संस्थांचा परवाना घेतलेल्या हॉटेलमालकांना वाटते की तोच रीललाही पुरेल. तो परवाना जागेवर गाणे वाजवण्याचा असतो; गाणे स्वतःच्या जाहिरातीच्या व्हिडिओत गुंफण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते. लग्नाच्या वरातीचेही तसेच आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांत आणि त्यास जोडून असलेल्या लग्नकार्यात गाणे वाजवण्यास सूट आहे, पण त्या वरातीचे चित्रीकरण करून आपल्या बँडच्या, घोडीच्या किंवा मंडप-डेकोरेशनच्या व्यवसायाची रील करणे त्या सुटीत बसत नाही.

आपल्याकडचे काही अवघड प्रसंग

शुभेच्छांच्या पोस्टविषयी सर्वाधिक गोंधळ असतो. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या निमित्ताने किंवा एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला दुकाने आपल्या लोगोसह भीमगीते टाकतात आणि ‘आम्ही काही विकत नव्हतो’ असे म्हणतात. मात्र लोगो, पत्ता आणि फोन नंबर असलेली शुभेच्छा ही वैयक्तिक पोस्ट ठरत नाही, आणि गाजलेली भीमगीते बहुतांशी अलीकडच्या काळातल्या कवी-गायकांची असून त्यांची ध्वनिमुद्रणे कंपन्यांच्या ताब्यात आहेत.

भजनांच्या बाबतीत ‘देवाचे गाणे सर्वांचे’ असे मानले जाते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही, हे खरे आहे; परंतु एखाद्या संगीतकाराने विसाव्या शतकात त्या अभंगाला दिलेली चाल आणि कंपनीने केलेले ध्वनिमुद्रण या दोन स्वतंत्र मिळकती आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या बाबतीत तर शब्दांचाही प्रश्न येतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जातात, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत संरक्षित आहेत. पुण्यतिथीला खंजिरीवरचे भजन आपल्याच माणसांकडून गाऊन घेऊन दुकानाच्या पेजवर टाकायचे असेल, तरी तोवर हक्कधारकांना विचारलेले बरे. ध्वनिमुद्रणाचा हिशेब वेगळा चालतो: ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे १९७० सालची रेकॉर्ड ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. आणि मुदत संपलेल्या रेकॉर्डवरही यांत्रिक दावा येऊ शकतो, कारण कंटेंट आयडी फक्त ध्वनी ओळखतो, वर्षे मोजत नाही. अशा वेळी वर्षाचा पुरावा देऊन हरकत नोंदवता येते, फक्त गीत आणि चाल यांची मुदतही संपली आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

तिसरा प्रसंग चित्रीकरणाचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, दारासमोरून मिरवणूक जाताना दुकानदार हौसेने चित्रीकरण करतो आणि डीजेवरचे गाणे त्यात स्पष्ट नोंदले जाते. मागे वाजणारा रेडिओ, शेजारच्या मंडपातला भोंगा आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलची रिंगटोन यांचीही हीच कथा. यूट्यूबच्या एडिटरमध्ये सगळा आवाज न घालवता फक्त गाणे पुसण्याची सोय आहे, मात्र गाणे मोठे आणि बोलणे बारीक असेल तर तिचा उपयोग बेताचाच होतो. मारबतीच्या मिरवणुकीत गाण्यापेक्षा घोषणा आणि वाद्येच अधिक मोलाची असतात. डीजेची गाडी पुढे गेल्यावर त्यांचा आवाज वेगळा नोंदवून घ्यावा आणि चित्राखाली तो जोडावा.

पोस्ट झालेल्या रीलचे काय करावे

यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक यांत फरक आहे. कंटेंट आयडीचा दावा हा व्हिडिओपुरता असतो: जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओ अडवला जातो, चॅनेलला इजा होत नाही. स्ट्राइक ही हक्कधारकाने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावल्याची खूण असते आणि ९० दिवसांत अशा तीन झाल्या तर चॅनेल बंद होण्याची वेळ येते. दावा असेल तर स्टुडिओमध्येच तो तुकडा कापणे, गाणे पुसणे किंवा लायब्ररीतले दुसरे गाणे बसवणे शक्य आहे. व्हिडिओचा पत्ता आणि व्ह्यूज तसेच राहतात, म्हणून व्हिडिओ काढून पुन्हा चढवण्याची घाई करू नये. इन्स्टाग्रामवर मात्र मुकी झालेली रील काढून, मूळ फाइलला स्वच्छ आवाज लावून पुन्हा टाकणे हाच बहुधा सोपा मार्ग ठरतो. इथे अडचण अशी येते की मूळ फाइल सापडत नाही. गाणे मिसळलेली एकच अंतिम फाइल उरलेली असते. प्रत्येक रीलची संगीताविना प्रत जपून ठेवण्याची सवय लावली, तर पुन्हा चित्रीकरण करण्याचे श्रम वाचतात.

इन्फ्लुएन्सरकडून पैसे देऊन करून घेतलेल्या रीलमध्ये त्याच्या अकाउंटवरचे गाणे चालते असे मानले जाते, पण पैसे दिले गेले की ती जाहिरात झाली. ती पोस्ट दुकानाला स्वतःच्या खर्चाने पुढे चालवायची असेल तर संगीताची अट कामाआधीच सांगावी.

कायद्याचा बडगा किती मोठा, असाही प्रश्न विचारला जातो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. छोट्या दुकानाची बाब सहसा आवाज बंद होण्यावर किंवा नोटिशीवर मिटते, असे माझे मत आहे. परंतु ज्याच्या शाखा आणि जाहिरातींचा खर्च वाढतो आहे त्याने या मतावर विसंबू नये.

स्वतःचा आवाज तयार करणे

माझ्या मते दुकानाच्या दैनंदिन रीलना गाण्याची गरज वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोह्यांवर तर्री ओततानाचा आवाज, इतवारीच्या सराफ्यात हातोडीचा बारीक ठोका, सावजीच्या स्वयंपाकघरात तापल्या तेलात पडलेला मसाला, साडीची घडी उलगडताना होणारी सळसळ, हे आवाज कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत आणि त्यांवर दावा येण्याची शक्यता जवळजवळ नाही. मोबाइल वस्तूपासून वीतभर अंतरावर धरावा, वाऱ्याची दिशा सांभाळावी आणि एकाच क्रियेची दोन-तीन वेळा नोंद घ्यावी.

नागपुरात खरा शत्रू कूलर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा गिऱ्हाइकासमोर कूलर बंद करता येत नाही आणि त्याची घरघर, पंख्याचा वारा व पाण्याची धार हे सगळे एकत्र नोंदले जाते. ॲपमधला नॉइज फिल्टर जोरात लावला तर बोलणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा चित्र कूलर सुरू असताना घ्यावे आणि बोलणे नंतर वेगळे नोंदवावे. कापडाच्या दुकानात यासाठी उत्तम जागा आयती असते: मागच्या खोलीत गठ्ठ्यांच्या मधे उभे राहून बोलले की कापड प्रतिध्वनी शोषून घेते आणि आवाज स्टुडिओत नोंदवल्यासारखा स्वच्छ येतो. मग ॲपमध्ये सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, कारण तिथे उरलेली घरघरच असते. खाली संगीत असेल तर ते बोलण्यापेक्षा १५ ते २० डेसिबल हळू ठेवावे. सगळे मिळून आवाज उगाच चढवू नये. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याच्या एककाच्या) वरचा आवाज आपणहून खाली आणते आणि आवाज वाढवलेल्या फाइलचा फाटलेपणा तेवढा मागे राहतो.

ओळखीची धून हवीच असेल तर शहरातल्या एखाद्या संगीतकाराकडून दहा-पंधरा सेकंदांची धून करून घेणे परवडते. ढोल-ताशा पथकाकडून ठेका नोंदवून घेतला तर वादकांचेही कलाकार म्हणून हक्क असतात, म्हणून पथकाच्या प्रमुखाचीच नव्हे तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. तोंडी ठरलेल्या गोष्टींवर इथेच पाणी फिरते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचा उल्लेख करारात हवा. मुदत लिहिली नाही तर कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारताचा. इंटरनेटवरची पोस्ट सर्वत्र दिसत असल्यामुळे ‘संपूर्ण जगासाठी’ आणि ‘सर्व सोशल मीडिया व सशुल्क जाहिराती’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. रक्कम किंवा मानधनाचा आकडाही त्यातच असावा. धून तयार करताना विकत किंवा मोफत मिळणारे तयार लूप वापरले आहेत का, हेही संगीतकाराला विचारून लिहून घ्यावे, कारण तोच लूप दुसऱ्या कुणीतरी आपल्या गाण्यात वापरून कंटेंट आयडीमध्ये नोंदवलेला असला तर आपल्या पैशाने केलेल्या धुनेवरही दावा येतो.

तसा दावा आलाच तर यूट्यूबवर हरकत नोंदवून कराराचा आधार द्यावा. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि त्याने मुदतीत उत्तर दिले नाही तर दावा आपोआप सुटतो. त्याने हरकत फेटाळली तर अपील करता येते, तिथे त्याला सात दिवस असतात. मात्र अपिलानंतर दावेदाराने व्हिडिओ काढण्याची विनंती केली आणि ती ग्राह्य ठरली तर स्ट्राइक बसते, म्हणून लूपविषयीचे लेखी उत्तर हातात नसेल तर अपील न करता धून बदलावी आणि संगीतकाराकडून तेवढा भाग नव्याने वाजवून घ्यावा.